होमस्कूलिंगचं नियोजन दर दोन-तीन महिन्यांनी कोलमडतं? ॲप बदलण्याआधी हे तपासा

मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या, म्हणजे होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची तक्रार साधारण अशी असते. सत्र सुरू व्हायच्या आधी दोन-तीन संध्याकाळ बसून सगळे विषय नव्या प्लॅनरमध्ये भरले. प्रत्येक मुलाला वेगळा रंग, प्रत्येक पाठाला तारीख. पहिले तीन आठवडे छान गेले. चौथ्या आठवड्यात धाकट्याला ताप आला आणि तीन दिवस अभ्यास बुडाला. सोमवारी प्लॅनर उघडला तर वरच लाल अक्षरांत चौदा थकीत पाठ. ते एकेक करून पुढे ढकलले, तर पुढच्या आठवड्यातले पाठ आधीच तिथे बसलेले. असं आणखी एकदा झालं आणि मग प्लॅनर उघडणंच बंद झालं. महिन्याभराने नव्या ॲपचा शोध सुरू.

आमच्या घरी पाच वर्षांत हे चार वेळा झालं. दर वेळी मला वाटायचं की निवड चुकली, जास्त सोयींचं काहीतरी घ्यायला हवं होतं. चौथ्या वेळी मात्र नवं काही घेण्याआधी मी चारही जुने प्लॅनर उघडले आणि नेमकं कोणत्या दिवसापासून नोंदी थांबल्या ते पाहिलं. चारही ठिकाणी उत्तर तेच निघालं. अभ्यास बुडाल्यानंतर आम्ही पुन्हा बसलो, त्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी. रंग, आलेख, गुणपत्रिका, आठवणीच्या घंटा या कशाचाच त्याच्याशी संबंध नव्हता.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी ते काय करतं?

आत्ता लाल डोंगर समोर असेल तर

कारणांकडे नंतर येऊ. आधी तो डोंगर हलवू या, कारण तो डोक्यावर असताना कोणतीही निवड नीट होत नाही.

थकीत पाठ एकेक करून ओढत बसू नका. त्यात दोन तास जातील आणि पुढच्या आजारपणात पुन्हा तेच करावं लागेल. त्याऐवजी प्लॅनर बंद करा, मुलाची पुस्तकं आणि वह्या समोर घ्या आणि प्रत्येक विषयात खूण कुठे आहे ते कागदावर लिहा. गणित ४७, व्याकरण ३१, विज्ञान प्रकरण ६. एवढंच. खरी स्थिती हीच आहे. प्लॅनरमध्ये आजच्या तारखेला गणित ५५ लिहिलेलं असलं, तरी मुलाची खूण ४७ वर असेल तर मूल ४७ वरच आहे.

मग प्लॅनरमधून आजवरच्या नोंदी फाइलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे झालेल्या कामाचा पुरावा जाणार नाही. त्यानंतर न झालेल्या सगळ्या नोंदी, मागच्याही आणि पुढच्याही, काढून टाका. हात थरथरतो, पण काढा. येत्या सोमवारपासून फक्त दोन आठवड्यांचे पाठ कागदावरच्या आकड्यापासून पुढे भरा. दोन मुलांचं हे काम मला साधारण अर्ध्या तासात जमतं.

नेमकं बिघडतं काय

पाठाला दोन गोष्टी असतात, क्रम आणि तारीख. ४७ नंतर ४८ येतो हा क्रम, आणि तो पुस्तकानेच ठरवलेला असतो. ४७ मंगळवारी होईल हा अंदाज, आणि तो आपण बांधलेला असतो. बहुतेक साधनांत पाठ भरताना दोन्ही एकाच नोंदीत चिकटवावी लागतात. दिवस बुडाला की अंदाज चुकतो, आणि अंदाजाबरोबर क्रमही विस्कटतो.

कॅलेंडर हे मुळात भेटीगाठींसाठी बनलेलं साधन. भेट चुकली की ती संपली. पुढच्या भेटीचं त्यावाचून अडत नाही. पाठाचं तसं नसतं. अपूर्णांकांची बेरीज राहिली तर वजाबाकी, गुणाकार आणि त्यापुढचं सगळं तिच्यासाठी थांबून राहतं. त्यामुळे पोहण्याचा तास, संगीताचा क्लास, ऑनलाइन वर्ग यांच्यासाठी कॅलेंडर उत्तम आहे. गणित ४७ साठी नाही.

कामांच्या यादीची ॲप वेगळ्या तऱ्हेने अडतात. त्यांत ‘रोज’ किंवा ‘दर तीन दिवसांनी’ अशी पुनरावृत्ती लावता येते, पण ती तारखेपासून मोजायची की काम पूर्ण झाल्यापासून, हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टूडूइस्टमध्ये यासाठी दोन वेगळ्या खुणा आहेत: नुसतं ‘एव्हरी’ लिहिलं तर पुढची तारीख मूळ वेळापत्रकावरून निघते, आणि ‘एव्हरी’ला उद्गारचिन्ह जोडलं तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. उजळणी, वाचन, शुद्धलेखन यांसारख्या रोजच्या सरावाला दुसरी पद्धत फार उपयोगी पडते. पण तीही एकाच नावाचं काम पुन्हा पुन्हा समोर आणते. ४७ झाल्यावर ४८ आणून देणं तिला जमत नाही.

लाल थकबाकीबद्दल आणखी एक सांगायला हवं. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना रोज सकाळी टॅबलेट उघडून विचारायची, “आई, आज लाल किती आहे?” बरेच दिवस मला वाटलं की हिला नियोजनात रस आहे. मग एकदा आजारपणातून उठल्या उठल्या ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सॉरी, माझ्यामुळे खूप लाल झालं.” तापातून उठलेल्या मुलाने वेळापत्रकाची माफी मागावी, हे मला आजही सहन होत नाही. त्या दिवसापासून थकीत पाठांचा लाल रंग बंद करता येतो का, किंवा मुलांना दिसणाऱ्या पानावरून तो लपवता येतो का, हे मी आवर्जून पाहते. बहुतेक साधनांत सेटिंगमध्ये कुठेतरी ही सोय असते. नसेल तर ते साधन मुलांसमोर उघडू नका. सोमवारी सकाळी आठवड्याचा कागद छापून त्यांच्या हातात द्या.

बुडालेल्या बुधवारची चाचणी

कोणत्याही प्लॅनरची मोफत मुदत सुरू झाली की त्यात वर्षभराचं काही भरू नका. एका मुलाचा एकच विषय घ्या आणि सोमवार ते शुक्रवार असे दहा पाठ टाका. सोबत ठरलेल्या वेळेचा एखादा क्लास ठेवा आणि मध्ये एका दिवसाची सुट्टी टाका. सोमवार आणि मंगळवारचे पाठ ‘झाले’ करा. बुधवारचा तसाच सोडा. गुरुवारी उघडून बघा.

बुधवारचा पाठ गुरुवारवर आपोआप, किंवा फार तर एका आदेशाने, आला का? गुरुवारचा शुक्रवारवर आणि शुक्रवारचा पुढच्या सोमवारवर गेला का, की दोन पाठ एकाच दिवशी कोंबले गेले? शनिवार-रविवार आणि तुम्ही टाकलेली सुट्टी यांवरून पाठांनी उडी मारली का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संगीताचा क्लास जागच्या जागी राहिला का? मी वापरलेल्या एका प्लॅनरमध्ये ‘सगळं एक दिवस पुढे’ असं बटण होतं. ते दाबलं की बाहेरच्या शिक्षकांचे ठरलेले तासही एक दिवस पुढे सरकायचे. दोनदा आम्ही चुकीच्या दिवशी क्लासला गेलो, तेव्हा कुठे मला ते कळलं.

आता उलटी चाचणी घ्या. समजा मुलाने एका दिवसात दोन पाठ संपवले. पुढचे पाठ एक दिवस अलीकडे येतात का? पुष्कळ साधनांना पुढे ढकलणं जमतं, मागे ओढणं जमत नाही. मग वेगाने जाणाऱ्या मुलाच्या वेळापत्रकात भोकं पडत जातात. शेवटी, केलेला बदल एका टिचकीत रद्द होतो का तेही पाहा, कारण घाईच्या दिवशी चुकीच्या मुलाचे पाठ ढकलले जातातच.

होमस्कूलिंगसाठीच बनवलेल्या प्लॅनरांना ही अडचण माहीत असते. होमस्कूल प्लॅनेटमध्ये राहिलेलं काम पुन्हा पुढच्या दिवसांत बसवण्याची सोय आहे, स्कोलॅरिकमध्ये पाठ पुढे सरकवता येतात. तरीही चाचणी स्वतः घ्या. तुमच्या घरचा आठवडा कसा आहे, हे सोयींच्या यादीला माहीत नसतं.

विकत काही घ्यायचं नसेल तर

मी सध्या हेच वापरते आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

तत्त्व साधं: वेळ कॅलेंडरमध्ये, क्रम यादीत. कॅलेंडरमध्ये ‘गणित, ९ ते ९.४५’ असा दर आठवड्याला येणारा रकाना ठेवा, पण त्यात पाठाचा क्रमांक लिहू नका. क्रमांक नसल्यामुळे दिवस बुडाला तरी कॅलेंडरमध्ये काहीच बदलावं लागत नाही. कोणता पाठ घ्यायचा ते यादी सांगते: टिक नसलेला पहिला.

यादी ट्रेलोसारख्या कार्डांच्या फळ्यावर करता येते. ‘पुढचे’, ‘आज’ आणि ‘झाले’ अशा तीन उभ्या रांगा करायच्या आणि वरचं कार्ड उचलून ‘आज’मध्ये टाकायचं. कार्डावर तारीख नाही, त्यामुळे थकबाकीही नाही. माझ्या मुलाला आठव्या वर्षी हे स्वतःचं स्वतः करता येऊ लागलं आणि कार्ड ‘झाले’मध्ये सरकवण्याचा त्याचा आनंद बघण्यासारखा असतो. यात उणीव एकच, पुस्तक कधी संपेल ते फळा सांगत नाही.

ते सांगायला स्प्रेडशीट हवी. गूगल शीट्स असो की एक्सेल, एका विषयाचं एक पान करा: क्रमांक, पाठाचं नाव, टिक, आणि पाठ प्रत्यक्षात झाला ती तारीख. वरच्या कोपऱ्यात उरलेल्या पाठांची संख्या मोजून घ्या. मग ‘वर्कडे डॉट इंटल’ (WORKDAY.INTL) हे कामाचे दिवस मोजून तारीख काढणारं सूत्र वापरा. त्याला चार गोष्टी लागतात: सुरुवातीची तारीख, किती दिवस, आठवड्याच्या सुट्ट्या आणि इतर सुट्ट्यांची यादी. आठवड्याच्या सुट्ट्या सात अंकांत देता येतात. पहिला अंक सोमवारचा. शून्य म्हणजे कामाचा दिवस, एक म्हणजे सुट्टी. आम्ही शुक्रवारी गणित घेत नाही, म्हणून आमचं ‘००००१११’ असं होतं. हे सात अंक अवतरणचिन्हांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावे लागतात, नाहीतर सूत्र चुकतं. सुरुवातीची तारीख मोजणीत धरली जात नाही, हेही लक्षात ठेवा. आजची तारीख दिली तर मोजणी उद्यापासून सुरू होते.

समजा ७३ पाठ उरले आहेत आणि आठवड्यात चार दिवस गणित आहे. म्हणजे अठरा आठवडे आणि एक दिवस. एक आठवडा आजारात गेला तर शेवटची तारीख आपोआप एक आठवडा पुढे जाते, आणि बाकी कुठेच हात लावावा लागत नाही. पूर्वी ज्या आठवड्याने मला रडवलं असतं, तो आता एका चौकटीतली एक तारीख बदलून जातो.

भरण्यातच सगळा वेळ जात असेल तर

दोन मुलं, प्रत्येकी पाच विषय, विषयाला १२० पाठ. झाल्या १,२०० नोंदी. एका नोंदीला अर्धा मिनिट धरलं तरी दहा तास. एवढे तास घातलेलं वेळापत्रक मोडायला मन धजत नाही, मग ते मुलांपेक्षा मोठं होऊन बसतं. मी त्या अवस्थेतून गेले आहे आणि तेव्हा मुलांशी माझं बोलणंही त्या वेळापत्रकाच्या आवाजातच व्हायचं.

पाठाचं नाव, पान क्रमांक, साहित्य हे सगळं टंकू नका. ते पुस्तकात आहेच. ‘गणित ४७’ पुरतं. निवडीच्या वेळी एवढं पाहा की ‘१ ते १२०’ अशी मालिका एका झटक्यात तयार होते का, आणि सीएसव्ही फाइलमधून (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी मजकूर-फाइल) नोंदी आत घेता येतात का. या दोन्हींपैकी एकही नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

सगळं स्वतः बांधावं लागतं अशा मोकळ्या साधनांबद्दलही हेच म्हणेन. ती सुंदर असतात आणि बांधताना फार समाधान मिळतं. पण तीन संध्याकाळींनंतरही पहिला पाठ त्यात टाकलेला नसेल, तर ते साधन तुमच्या वर्षासाठी नाही.

योजनाच भरगच्च असेल तर

इथे कोणतंही सॉफ्टवेअर मदत करणार नाही. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की काम कधी पूर्ण होईल. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. सगळं बिनसलं तर किती लागतील, असं विचारल्यावर तो सुमारे ४९ पर्यंत गेला. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही अपुरा पडला.

मला यातून एक नियम मिळाला. ‘काळजी घेऊन’ केलेल्या अंदाजावर विसंबायचं नाही, मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती झालं तो आकडा घ्यायचा. मागच्या वर्षी आठवड्याला सरासरी साडेतीन पाठ झाले असतील तर यंदा पाच धरू नका. आमच्याकडे शुक्रवार रिकामा असतो. राहिलेलं तिथे होतं, आणि काहीच राहिलं नसेल तर मुलांना दिवसभर हवं ते करता येतं.

प्लॅनरमध्ये बदललं, फोनमध्ये जुनंच दिसतं

ही तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा बिघाड नसतोच. प्लॅनरमधून आयकॅल फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) उतरवून ती कॅलेंडरमध्ये आयात केली असेल, तर ती त्या क्षणाची प्रत असते. नंतरचे बदल तिच्यात येत नाहीत. बदल यायला हवे असतील तर प्लॅनरने दिलेला दुवा कॅलेंडरमध्ये जोडावा लागतो. गूगल कॅलेंडरमध्ये असा दुवा संगणकाच्या ब्राउझरमधून जोडा. तोही लगेच ताजा होत नाही, काही तास जातात. म्हणून आजचं काम प्लॅनरमध्ये पाहायचं आणि फोनच्या कॅलेंडरकडे फक्त आठवड्याच्या अंदाजासाठी बघायचं.

फाइल आयातच करायची असेल तर आधी नवं रिकामं कॅलेंडर बनवून त्यात करा. शेकडो पाठ मुख्य कॅलेंडरमध्ये मिसळले की नंतर ते एकेक करून पुसावे लागतात. वेगळं असलं तर अख्खं कॅलेंडर एकदम काढून टाकता येतं.

दोघांचा एकत्र पाठ

इतिहास दोघं एकत्र शिकतात, पण प्लॅनरमध्ये तो दोघांच्या नावावर दोनदा आहे, आणि एकाचा ढकलला की दुसऱ्याचा तिथेच राहतो. ‘सगळे’ नावाचं तिसरं मूल तयार करा आणि एकत्र विषय त्याच्या नावावर टाका. मुलांच्या संख्येवर पैसे घेणाऱ्या साधनात यासाठी जादा मोजावे लागतील का, तेवढं आधी पाहा.

नोंदी आणि बाहेर पडण्याची वाट

जिथे अभ्यासाचे दिवस किंवा तास कुणाला दाखवावे लागतात, तिथे पाठ ढकलल्यावर जुनी नोंद पुसली जात नाही ना, हे चाचणीतच बघून घ्या. ठरलेली तारीख आणि झालेली तारीख यांचे रकाने वेगळे हवेत.

आणि साधन बंद पडू शकतं, हे धरूनच चाला. वंडरलिस्ट ही लाखो लोक वापरत असलेली कामांची यादी मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी बंद केली. तिथल्या याद्या मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये नेता आल्या, पण अशी सोय प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. पीडीएफ फक्त बघायला आणि छापायला उपयोगी. दुसऱ्या साधनात नेण्यासाठी सीएसव्ही हवी. मोफत मुदतीतच एकदा सीएसव्ही उतरवून ती उघडून बघा. मला एकदा उघडल्यावर त्यात फक्त विषयांची नावं सापडली होती, तारखा नव्हत्याच.

एवढं करूनही एकच विषय सारखा मागे पडत असेल तर

सगळे विषय एकदम घसरत असतील तर दोष साधनात किंवा भरगच्च आठवड्यात असतो. बाकीचे चालू आहेत आणि एकाचीच शेवटची तारीख दर आठवड्याला पुढे जाते आहे, तर साधन बदलून काही होणार नाही. मुलीच्या गणिताच्या पानावर शेवटची तारीख सहा आठवड्यांत जवळजवळ तेवढेच आठवडे पुढे गेली होती. मी वेळापत्रक तपासलं, सुट्ट्या तपासल्या, सूत्र तपासलं. सगळं बरोबर होतं. मग तिच्याशेजारी बसून वही पाहिली, तेव्हा कळलं की ४४ व्या पाठापासून तिला छेद समान करणंच कळलेलं नव्हतं आणि ती रोज उत्तरं खोडत होती. आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि तीन आठवडे फक्त कागदाच्या पट्ट्या कापून अपूर्णांक जुळवले. मग पुन्हा ४४ पासून सुरुवात केली.